साल्वेस्त्रींच्या घरची रीत

“माझी सासू याहून भयानक दिसते!” अंधारात तोस्की म्हणाला आणि स्टुडिओतल्या त्या छोट्या थिएटरात हशा पिकला.

पडद्यावर बुडून मेलेली बाई कपाटातून बाहेर येत होती. मागच्या रांगेत फुल्वियो साल्वेस्त्री खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच चित्रपट. दिवे लागले. निर्माता तोस्की डोळे पुसत उठला आणि त्याने फुल्वियोच्या खांद्यावर हात टाकला.

“उद्याचा रविवार आराम कर. सोमवारी हा प्रसंग पुन्हा घे. नाहीच जमलं, तर तुझ्या वडिलांना बोलावू. नाव तुझंच राहील, घाबरू नकोस.”

रोममधल्या सिनेमावाल्यांत साल्वेस्त्री हे नाव नवं नव्हतं. फुल्वियोचे आजोबा मूकपटांच्या काळात कॅमेरा फिरवत. वडील एवारिस्तो यांनी तर तीस वर्षं अख्ख्या इटलीची झोप उडवली होती. त्यांचा चित्रपट पाहून बायका नवऱ्याचा दंड धरून घरी जायच्या. फुल्वियो त्यांचा सहायक म्हणून उमेदीची वर्षं राबला. दिवा कुठे ठेवायचा, मेणाला प्रेताचा रंग कसा आणायचा, सगळं त्याच्या हातात बसलं होतं. तरी लोक हसले होते.

रविवारी म्हातारा नेहमीप्रमाणे लेकाकडे जेवायला आला. कोकराचं मटण संपत आलं, तेव्हा फुल्वियोने विचारलंच.

“पप्पा, खरं सांगा. लोक घाबरणार की नाही, हे तुम्हाला आधी कसं कळायचं?”

एवारिस्तोंनी ताटातून मान वर केली नाही. “तुला माहीत आहे की.”

“माहीत असतं तर विचारलं असतं का?”

“तुझ्यावर करून बघायचो. तू ओरडलास की प्रसंग पक्का. नाही ओरडलास की मुखवटा वितळवायचा नि पुन्हा घडवायला बसायचं.”

फुल्वियोची बायको मिर्ता खळखळून हसली. ही घरातली जुनी गंमत होती. खिडकीबाहेरचा चेहरा, पलंगाखालून आलेला हात, आंघोळीच्या टबातलं डोकं. लग्नाकार्यात पाहुणे हे किस्से पुन्हा पुन्हा सांगायला लावत. सर्वांत मोठ्याने फुल्वियोच हसायचा.

“आणि तुम्हाला कधी काही वाटलं नाही?”

“चित्रपट चालायचे,” म्हातारा म्हणाला.

टेबलाच्या टोकाला त्याची सात वर्षांची डेलिया जीभ बाहेर काढून मन लावून संत्रं सोलत होती. फुल्वियो तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. त्याने काटा खाली ठेवला.

“फुल्वियो.”

“काय?”

“काही नाही.” तो खुर्चीला रेटा देत उठला. “चल गं डेलिया, बाल्कनीत बसू. इथे फार गरम होतंय.”

कॉफी झाल्यावर म्हातारा आपल्या घरी गेला. मिर्ता खालच्या मजल्यावर बहिणीकडे गेली. गल्लीतल्या साऱ्या खिडक्यांची झडपं बंद झाली आणि दुपार निपचित पडली. फुल्वियो गाडीतून त्या बुडालेल्या बाईचा मुखवटा घेऊन आला. न्हाणीघरात त्याने मुखवट्याचे केस ओले केले. एकदाच, तो स्वतःला बजावत होता. एकदाच, आणि मग तिला जवळ घेऊन आइस्क्रीम खायला न्यायचं. आपल्याला काय झालं? काही झालं का?

डेलिया झोपली होती. तो आवाज न करता तिच्या कपाटात शिरला. धुतलेल्या फ्रॉकांचा वास तोंडाशी येत होता. आत उभं राहिल्यावर त्याच्या मानेवर काटा आला, तसे त्याने चटकन मुखवटा चढवला. मग नखाने दार खरवडलं. थांबला. पुन्हा खरवडलं.

पलंग करकरला.

त्याने दार हळूहळू लोटलं. झडपांतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या त्या सुजक्या, निळसर चेहऱ्यावर पडल्या. डेलिया उठून बसली होती. तिची नजर मुखवट्यावर खिळली होती, पण तोंडातून चकार शब्द नाही.

फुल्वियो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. मुलगी मूठ तोंडाशी धरून तशीच बसून. तोस्कीचं बरोबर होतं तर! लहान पोरसुद्धा भीत नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो पलंगावर ओणवा झाला, घशातून घरघर काढली. ओल्या केसांतलं पाणी तिच्या गुडघ्यावर टपकलं. तिने डोळेही मिटले नाहीत.

शेवटी त्याने मुखवटा ओरबाडून काढला. “अगं, मी आहे! जरासुद्धा घाबरली नाहीस?”

डेलियाने सावकाश तोंडातून मूठ काढली. बोटांत दात रुतले होते. एका बोटातून रक्त येत होतं. तिच्याखालची चादर भिजली होती. तिला हुंदका येत होता आणि ती तो गिळत होती.

“डेलिया,” तो म्हणाला. त्याने हात पुढे केला, तशी ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

“मी ओरडले नाही, पप्पा,” ती कुजबुजली. “आजोबांनी सांगितलं होतं, काही झालं तरी ओरडायचं नाही. तुम्ही लहानपणी दर वेळी ओरडायचात, म्हणून प्रत्येक नव्या सिनेमाच्या वेळी ते परत यायचे.”