टायर पाहण्याचा कार्यक्रम

पाहुणे आत शिऱ्याच्या बश्या हातात घेऊन बसले होते आणि बाबली बाहेर त्यांच्या गाडीखाली आडवा झाला होता.

"अहो," सुमन दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "ते मुलगी बघायला आलेत. तुम्ही गाडी काय बघताय?"

"ते मुलगी बघतात, मी मुलगा बघतो," गाडीखालून उत्तर आलं.

"नवा शर्ट आहे अंगावर!"

"होता."

डिचोलीत बाबलीचं गॅरेज घराला लागूनच. खाणीच्या ट्रकांपासून नवरदेवांच्या गाड्यांपर्यंत सगळ्यांचे टायर त्याच्या हाताखालून गेले होते. माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण टायर चारचौघांत उघडा उभा असतो, असं त्याचं म्हणणं. एका ट्रकचा टायर चाचपून त्याने ड्रायव्हरची सासुरवाडी कुठल्या गावात ते अचूक सांगितलं होतं. निदान तो तरी तसं सांगे. ड्रायव्हर आता हयात नसल्यामुळे खोडून काढायला कोणी उरलं नव्हतं.

आजचं स्थळ नार्व्याचं. मुलगा ओंकार, तुयेच्या कारखान्यात बाबलीच्या मुलीबरोबर, अश्विनीबरोबरच कामाला. अश्विनी सकाळी आपली स्कूटर त्यांच्या दारात लावायची आणि पुढे दोघं त्याच्या गाडीने जायची. पेट्रोल वाचतं म्हणून बाबलीनेही कधी कटकट केली नव्हती. आलेलं प्रत्येक स्थळ नाक मुरडून उडवून लावणारी अश्विनी या एकाला मात्र "चालेल" म्हणाली होती. तेवढ्यावर सुमनने मनातल्या मनात साड्याही वाटून टाकल्या होत्या.

पण गाडी आज पहिल्यांदाच दारात आली होती. चालवत मामा आला होता आणि नवरामुलगा शर्टाची इस्त्री सांभाळत शेजारी बसून. बाबलीची नजर मुलाआधी पुढच्या चाकावर गेली आणि तिथेच अडकली.

"ओंकार, जरा बाहेर ये रे."

ओंकार आला. बाबलीने त्याचा हात धरून टायरवर ठेवला.

"आतून बाहेर फिरव. गुळगुळीत? आता उलटा फिरव."

"टोचतंय."

"करवत झालीय करवत. अलाइनमेंट पार गेलंय. चाकं पळत नाहीत, फरफटतात. आणि ही आतली कड बघ, तार दिसायला लागली. लोअर आर्मचं बुश खल्लास. मागच्या टायरला हे खळगे पडलेत, कारण शॉकअप मेलाय." त्याने बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी डुलली आणि शिगम्यात नाचायला उतरल्यासारखी डुलतच राहिली. "खड्डा आला की वेग कमी होतो?"

ओंकारने एकदा घराकडे बघितलं. "नाही होत, काका."

"गतिरोधक?"

"तोही... उडूनच जातो."

"खालून टकटक कधीपासून येते?"

"पावसाच्या आधीपासून."

"आणि कुणाला दाखवावंसं वाटलं नाही?"

"उद्या दाखवू, उद्या दाखवू, असं होत राहिलं."

"आणि ह्याच गाडीतून माझी पोर रोज जाते?"

"रोज, काका. एक दिवस चुकत नाही."

मुलगा खोटं बोलत नाही, एवढा गुण बाबलीने मनात जमा केला. पण टायरही खोटं बोलत नव्हता. हात पुसत तो बैठकीत आला, तेव्हा अश्विनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. ओंकार खाली मान घालून मामाशेजारी बसला.

"राग मानू नका," बाबलीने सुरुवात केली, आणि सुमनने कपाळाला हात लावला. "माणसं तुम्ही चांगली. घर चांगलं. पण तुमच्या गाडीने मला सगळं सांगितलं. खड्डा दिसतो, तरी पाय ब्रेकवर जात नाही, म्हणजे स्वभाव आडदांड. खालून महिनोन्‌महिने आवाज येतोय, तो ऐकू येत नाही, म्हणजे घरातल्या माणसाचं रडणंही कधी ऐकू येणार नाही. माझ्या पोरीला स्टिअरिंग मी शिकवलं. लहान बाळ कुशीवर वळवावं तशी वळवते ती गाडी!"

मामा छताकडे बघू लागला. ट्रेमधले कप किणकिणले.

"ज्याने ही गाडी वर्षभर चालवली," बाबलीने निकाल दिला, "त्याच्या गळ्यात कुणाचं लेकरू बांधणं हे पाप आहे."

"पप्पा..." अश्विनी म्हणाली.

"तू बोलू नको, बाय. तुझ्याच भल्याचं बोलतोय मी."

"काका म्हणतात ते खरं आहे," ओंकार हळूच म्हणाला. "गाडी नीट करून घेतो. मग परत येऊ आम्ही?"

"गाडी नीट होते रे. चालवणाऱ्याचा हात नीट होत नाही. तो जन्मतःच वाकडा असतो. निघा तुम्ही आता, ऊन चढायच्या आत."

इतका वेळ गप्प बसलेल्या ओंकारच्या आईने, सत्यवतीने, शिऱ्याची बशी खाली ठेवली.

"आई, असूं दे," ओंकार घाईने म्हणाला.

"काय असूं दे? मघापासून ऐकतेय मी." ती बाबलीकडे वळली. "भाऊ, आमच्या ओंकाराला गाडी चालवायला येतेच कुठे? घेतल्या दिवसापासून ती तुमची अश्विनीच चालवते."