बटरफ्लायला बेडकाचे पाय

रश्मीचा हात भिंतीला टेकला तेव्हा शेजारच्या लेनमधली मयूरी अजून बरीच मागे होती. पंचेचाळिसाव्या वर्षी, आदिलाबादच्या स्विमिंग पुलात, मास्टर्स म्हणजे मोठ्यांच्या गटाच्या बटरफ्लायमध्ये रश्मी पहिली आली होती. पहिलीला राज्याच्या संघात जागा. जन्मात पहिल्यांदा तिची कुठेतरी निवड होत होती. धापा टाकत ती एकटीच हसत राहिली.

मग तिला काठावर पंचाचा, चूक दाखवायला वर गेलेला हात दिसला. पंच म्हणजे तिचा नवराच, शाळेत पीटी शिकवणारे राजकुमार सर.

हैदराबादहून आलेले मुख्य पंच लगबगीने आले. त्यांची सगळी हयात शाळकरी पोरांच्या स्पर्धांत गेलेली, मोठ्यांचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. "क्या देखा, सर?"

"हाथ बटरफ्लाय के, पैर ब्रेस्टस्ट्रोक के," राजकुमार सर म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं. बटरफ्लायला दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे हलवायचे, तर कंबर लवचीक लागते. रश्मीची कंबर कधीच रुसलेली. म्हणून ती ब्रेस्टस्ट्रोकचे, बेडकासारखे पाय मारायची आणि ते तिला सरांनीच शिकवलं होतं, याच पाण्यात. "काऊन भेऊन राह्यली? पोरायले बाद करते, पन मोठ्यायच्या स्पर्धेत हे पाय चालते. नियमातच हाय," असं ते तिला वर्षभर बजावत आले होते.

"मास्टर्स में चलता है, साहब," पाण्यातूनच रश्मी म्हणाली. "सर को पूछिए."

मुख्य पंचांनी सरांकडे पाहिलं. रश्मीनेही पाहिलं, अगदी निर्धास्त.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "मैंने जो देखा, वो बता दिया. आगे आप देखिए."

रश्मी बाद झाल्याचं माइकवरून तेलुगूत पुकारलं गेलं. मयूरीच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. रश्मी शिडी चढून वर आली, तर सर टॉवेल घेऊन उभे.

"तुमाले नियम माहीत नोता काय?" तिने हळूच विचारलं.

"माहीत हाय ना. पन मी हो म्हनलो असतो तं लोक म्हनले असते, मास्तरनं बायकोले पास केलं. माह्या नावाचं काय?"

"अन् माह्या?"

सर इकडेतिकडे बघू लागले. रश्मीला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. किती भरवशाने तिने याच माणसाकडे बोट दाखवलं होतं!

तेवढ्यात स्पर्धेचे आयोजक सुधाकरराव आले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "मानलं सर तुमाले. घरच्या मानसालेबी सोडलं नाई." मग ते रश्मीकडे वळले. "ताई, असा मानूस भेटाले नशीब लागते."

मुख्य पंच अजून समोरच टेबलाशी बसले होते. निकाल कागदावर चढायचा होता. सरांचं एक वाक्य पुरलं असतं. टॉवेल न घेता रश्मी त्या वाक्यासाठी थांबली.

सरांनी मान खाली घातली, संकोचाने हसले आणि म्हणाले, "नियम म्हंजे नियम, सुधाकरराव."