अकरा बाण

भात्यात अकरा बाण उरले होते तेव्हा तोलोगोनला मागून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. त्याने वळून पाहिलं. चार घोडे होते. पुढे सादिर बाबा, गावातले सगळ्यात वयस्क. त्यांच्यामागे दोन शेजारी. शेवटी कुबात, तोलोगोनची बायको बुरुल हिचा धाकटा भाऊ.

कुबात इथे होता. म्हणजे नारिनच्या दवाखान्यात बुरुलपाशी आता कोणी नव्हतं.

चौघे खाली उतरले आणि थोड्या अंतरावर उभे राहिले. कशासाठी आलो ते कोणी सांगितलं नाही. या खोऱ्यात रीतच आहे तशी. तिरंदाजाचा भाता रिकामा होईपर्यंत त्याला घरचं काही सांगायचं नाही. बाणांबद्दल हवं ते बोलावं. चेष्टा तर करावीच, त्याने हात पक्का होतो. बाकी सगळं शेवटच्या बाणानंतर.

तोलोगोनने अंगठ्यातली शिंगाची अंगठी नीट बसवली. साठ पावलांवर खांबाला नमद्याची, दाबलेल्या लोकरीची एक चकती टांगलेली होती, चहाच्या वाडग्याएवढी. शुक्रवारी जत्रेत तिच्या जागी चांदीचा तुकडा टांगणार होते, जो पाडेल त्याचा. तोलोगोन खरं तर सरावाला येणार नव्हता. बुरुलनेच त्याला चार दिवसांपूर्वी दवाखान्यातून हाकललं होतं.

"इथे बसून छताकडे बघत राहणार आहेस का? माझ्यापाशी कुबात आहे. जा, बाण मार. गेल्या साली तुझा बाण आयशाबाईच्या किटलीत घुसला. बायका अजून मला विचारतात, चहा कसा झाला होता म्हणून."

हसताना तिला धाप लागली होती.

त्याने बाण सोडला. चकती गर्रकन फिरली. बाण बरोबर मधोमध होता.

"छान," कुबात म्हणाला.

तोलोगोनचा हात भात्याकडे जाता जाता थांबला. सव्वीस वर्षांत कुबातने त्याला छान म्हटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो ओरडला होता, "दाजी, खांब उचलून तुमच्या बाणापुढे आणून ठेवू का?" तेव्हापासून दर सरावाला त्याचा एक नवा टोमणा असायचा.

रस्ता लांबचा आहे, थकला असेल, तोलोगोनने स्वतःला सांगितलं. कदाचित तिला घरी सोडलं असेल आणि हा पुढे आला असेल. मग सादिर बाबा कशाला आले? त्यांचे गुडघे दुखतात. ते घोड्यावर उगाच बसत नाहीत.

तो एकेक बाण सावकाश सोडू लागला. दोरी पुसली. पिसं सारखी केली. मागे शेजारी आपसात बोलत होते.

"यंदा गवत बरं आहे."

"हो. बरं आहे."



भात्यात तीन बाण राहिले. तोलोगोनने एक उचलला, धनुष्य ताणलं आणि मुद्दाम डावीकडे वळवलं. लहान पोरसुद्धा हसलं असतं इतकं. बाण खांबापासून वीस पावलं दूर, ओढ्याकाठच्या चिखलात रुतला. तिथे चरणाऱ्या गाढवाने मान वर करून पाहिलं.

तोलोगोन वाट पाहत राहिला. कुबातने काहीही बोलावं. गाढवावरून बोलावं, त्याच्या डोळ्यांवरून बोलावं, त्याच्या बापावरून बोलावं. बहीण जिवंत असती तर कुबातने असा बाण फुकट जाऊ दिला नसता.

कुबातने घसा साफ केला.

"वारा होता, दाजी."

गवताचं पातं हलत नव्हतं. घोड्यांच्या शेपट्या सरळ लोंबत होत्या. गावातल्या एका धुराड्यातून धूर काठीसारखा वर चालला होता.

तोलोगोनने पुढचा बाण सोडला. तो दहा पावलांवर जमिनीत घुसला.

"ऊन डोळ्यांवर येतंय," सादिर बाबा म्हणाले.

ऊन त्या सगळ्यांच्या पाठीवर होतं.

आता एक बाण उरला. त्याने तो दोरीला लावला. दोरी कानापर्यंत ओढली. मागे सादिर बाबांनी डोक्यावरची टोपी काढल्याचं त्याला न बघताही कळलं. बाण न सोडताच त्याने दोरी हळूहळू सैल केली आणि बाण पुन्हा भात्यात ठेवला.

कोणी त्याला सोड म्हटलं नाही.

मग कुबात त्याच्या शेजारून पुढे गेला. त्याने चकतीतले बाण एकेक करून उपसले. खांबामागच्या गवतात गुडघ्यांवर बसून हरवलेले शोधले. चिखलातला बाण ओढ्यात धुतला आणि कोटाच्या बाहीने पुसला. एवढ्या कामाला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ त्याने लावला. परत येऊन त्याने सगळे बाण तोलोगोनच्या भात्यात घातले. घालताना त्याने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

तीस बाण झाले.

सादिर बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आपल्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा सैल केला आणि गवतावर बसले. मग शेजारीही बसले. "दाजी," कुबात म्हणाला, "कोपर जरा वर धरा." त्याचा आवाज फाटला. तोलोगोनने कोपर वर धरलं.

संध्याकाळी मेंढ्या परतल्या तेव्हा भाता तिसऱ्यांदा भरलेला होता, आणि बुरुल गेली हे सांगायचं अजून राहिलं होतं.