दूरचा नंबर

चष्म्याच्या दुकानातल्या टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी सकाळपासून एकच कोडं सोडवत होती. व्यासपीठावर जुलमी अध्यक्ष शेजारीच बसलेला असताना मारेकऱ्याने कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा म्हाताऱ्या शिक्षणमंत्र्यांवर गोळी का झाडली? कुणी परकीय हात म्हणालं, कुणी डोक्यावरचा परिणाम. पडद्यावरचा मारेकऱ्याचा चेहरा चष्मेवाल्याने ओळखला. परवाच तो काळ्या फ्रेमचा चष्मा घेऊन गेलेला. “दूरचं धूसर दिसतंय,” म्हणून कुरकुरलाही होता. “नवा नंबर आहे, दोन दिवसांत सवय होईल,” हे ठेवणीतलं उत्तर चष्मेवाल्याने ऐकवलं होतं. इतक्यात समोरच्या शाळेतल्या बाई आल्या. “अहो, हा माझा चष्मा नव्हेच!” त्यांचीही फ्रेम काळीच. त्याने भिंगं यंत्रावर तपासली. नंबर मारेकऱ्याचा निघाला. बाई टीव्हीकडे बघत हळहळल्या, “देवमाणसाला का मारलं असेल हो?” भिंगं पुसत तो म्हणाला, “दोन दिवसांत सवय होईल.”