जेलकोटच्या खाली

याकूबने घासायचा सँडर बंद केला. बोटीच्या पांढऱ्या जेलकोटच्या, वरच्या चकचकीत थराच्या, खाली हिरवी रेघ होती.

बोटभर लांब, केसाएवढी बारीक. त्याने ओल्या फडक्याने धूळ पुसली. रेघ आणखी ठळक झाली.

बोट सकाळीच ट्रेलरवरून शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या या वर्कशॉपमध्ये आली होती. काम किरकोळ होतं. पुढच्या टोकाला, नाळेवर, तळहाताएवढा जुना पॅच पिवळा पडला होता. नवा असताना असा पॅच बोटीच्या रंगात विरून जातो. मग उन्हात बोट एका गतीने पिवळी पडते आणि पॅच दुसऱ्या. आठ-नऊ वर्षांनी झाकलेली जागा आपोआप दिसायला लागते.

"गुरुवारी बायर बघायला येतोय, याकूबभाई," सूर्यकांत म्हणाला होता. तो मूळचा पुण्याचा, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीचा अ‍ॅडमिन मॅनेजर. बोट कंपनीची. "फिनिश असा द्या की उद्या तुम्हाला स्वतःलाही ती जागा सापडायला नको."

याकूबचा नियम होता. जुना पॅच खरवडायचा, खालची पुट्टी पूर्ण काढायची, घट्ट फायबर लागेपर्यंत थांबायचं नाही. आधीच्या कारागिराने ते केलं नव्हतं. बोटीवरच्या कोणीतरी खाच पुट्टीने घाईघाईत भरून आणली होती, आणि कारागिराने ती न उघडता वरून जेलकोट मारून दिला होता. असल्या कामचोरांना याकूब रोज शिव्या घालायचा. आजही घातल्या. मग पुट्टी निघाली आणि रेघ दिसली.

हा हिरवा बाजारात मिळत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी याकूबने तो स्वतः मिसळला होता. डब्यांच्या तळाशी उरलेला निळा, पिवळा आणि जरासा काळा. त्याचा धाकटा भाऊ यहया अजमानहून ज्या होडीवर मासेमारीला जायचा, तिला तो रंग लावला होता. यहया हसला होता. "भाई, लांबून बघणारा म्हणेल शेवाळ तरंगतंय."

महिन्याभरात ती होडी समुद्रात दोन तुकडे झालेली सापडली. यहया सापडला नाही. धडक देणारी बोट थांबली नव्हती. पोलिसांनी बंदरं पाहिली, मरिना पाहिल्या. नाळेला मार लागलेली एकही बोट मिळाली नाही. "कोणीतरी बुजवलंय," तपास करणारा अधिकारी म्हणाला. "बुजवणारा सापडला, तर बोट सापडेल."

तेव्हापासून याकूब त्या माणसाला शोधत होता. शारजा, अजमान, दुबईतलं अल क्वोज. सुट्टीच्या दिवशी तो एकेका वर्कशॉपमध्ये जायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. कारागीर शपथा घ्यायचे. तो त्यांच्या हातांकडे बघत राहायचा. तिकडे रत्नागिरीत आई मैमुनाबी दर शुक्रवारी फोनवर विचारायची, "गावला तो मानूस?" बोट चालवणाऱ्याबद्दल ती कधी विचारत नसे. "त्याचा एक वेळ डोळा लागला असंल," ती म्हणायची. "पन ज्यानं पुसलं, त्यानं उजेडात बसून पुसलं."

याकूबने हात धुतले आणि सूर्यकांतला फोन लावला.

"साहेब, नाळेचं आधीचं काम कोणी केलंय?"

"का हो, इतकं बेकार आहे? शिव्या घालायच्यात का त्याला?"

"भेटायचंय."

सूर्यकांतला गंमत वाटली. "थांबा हं, सेलसाठी सगळी फाइल स्कॅन करून ठेवलीय. वर्कशॉपचं नाव काही दिसत नाही... पण माझ्या आधीच्या मॅनेजरला कोणीतरी कामाचा फोटो पाठवलाय. अर्धवट कामाचा. त्यात एक माणूसही दिसतोय, लहानसा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. चला, यल्ला, गुरुवार विसरू नका."

याकूब बोटीला पाठ लावून उभा राहिला. फोन दोनदा थरथरला. उघडायच्या आधी त्याने स्क्रीन शर्टाला पुसली. त्या चेहऱ्याला काय विचारायचं, हे त्याच्याकडे नऊ वर्षांपासून तयार होतं.

फोटोत हीच नाळ होती. तिच्यावर पुट्टीचा करडा डाग. शेजारी एक माणूस उभा. मास्क गळ्यात ओढलेला, एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला. मागच्या भिंतीवर निळा पंखा होता. तोच पंखा आत्ता याकूबच्या डोक्यावर फिरत होता.

त्याने फोटो मोठा केला. दाढी तेव्हा काळी होती.

कोपऱ्यात तारीख छापलेली होती. ती त्याला वाचावी लागली नाही. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तो दिवस त्याला नेहमी बंदरापासूनच आठवायचा. धक्क्यावरची गर्दी, भाड्याने घेतलेली लाँच, हाका मारून बसलेला आवाज. त्याआधी आपण कुठे होतो, कोणत्या बोटीवर काम करत होतो, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने तीन शहरांतली वर्कशॉपं पालथी घातली होती. आपलं तेवढं सोडून.

आता ते काम आठवलं. फोनही आठवला. पलीकडे यहयाची बायको जहांआरा होती. यहया पहाटे गेला होता आणि अजून परतला नव्हता. पुट्टी उघडायची म्हणजे आणखी तासभर गेला असता. याकूबने ब्रश जेलकोटच्या डब्यात बुडवला होता आणि तिला म्हणाला होता,

"रडू नकोस. एवढी खाच बुजवतो, की लगेच निघतो त्याला शोधायला."