दहा पावलं

धाड गावच्या मोतीराम टेलरांच्या पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पोटरी दुखेपर्यंत चाला, बसा, मग पुन्हा चाला. त्यांचं दुकान घरापासून चारशे पावलांवर. पहिल्या दिवशी ते शंभरावरच अडले. त्यांची बायको कमळजाबाई रोज पुढे जाऊन रस्त्यात खुर्ची मांडायच्या. "कालच्याच जागी हाये," म्हणायच्या आणि दहा पावलं लांब ठेवायच्या.

महिन्याभरानं खुर्ची दुकानाच्या दारात आली. मोतीराम पोचले, तेव्हा बाईंनी हसत लबाडी कबूल केली.

"चाळीस वर्षं मापं घेतली म्या. दहा पावलं समजत नाहीत का मले?"

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू खुर्चीपाशी उभी राहून माह्याकडंच पाहे वं. त्याच्यासाठी दहा पावलं काय!"