पडद्यावरची मादी

"पाणी सांडलं तर आधी आपली ओंजळ बघ," असं आई म्हणायची. म्हणून पिंजऱ्यातला फिंच पक्षी पडद्यावरच्या मादीसाठी गाईना, तेव्हा एलोडीनं दोष स्वतःलाच दिला. मादी तिनंच तर संगणकावर घडवली होती! चोच चौदा वेळा रंगवली, तरी नर पाठमोरा दाणे टिपत राहिला. शेवटी मॉन्ट्रियलची ही प्रयोगशाळाच सोडायचं तिनं ठरवलं.

आज रोझेर सरांनी पडदा बदलला. मादी तीच. नरानं छाती फुगवून अख्खं गाणं म्हटलं.

एलोडीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझी मादी बरी होती?"

"देखणी होती, पोरी. जुना पडदा आपल्याला स्थिर दिसतो, पण पक्ष्यांच्या डोळ्यांना लुकलुकतो." सरांची मान खाली गेली. "मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. पण तो पडदा निवडला मीच होता ना, सांगवेना!"